आधी छापून आलं, मग झालं

वार्ताहर म्हणजे पत्रकार नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पत्रकार नागपूरला पंख्याखाली बसतात. वार्ताहर गावात राहतो आणि त्याचं खरं ऑफिस म्हणजे एस.टी. स्टँड. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा तळेगावचा वार्ताहर झालो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आधीचे वार्ताहर शाळेत शिक्षक होते, त्यांची बदली झाली. सामान बैलगाडीत चढवता चढवता ते मला म्हणाले, "तुले शुद्ध लिहता येते ना? मंग झालं." एवढीच माझी मुलाखत.

तळेगाव म्हणजे श्यामजी पंतांचं तळेगाव, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. सकाळी मी आर्वीला कॉलेजात जायचो, दुपारी परत यायचो आणि गावात फिरून बातम्या गोळा करायचो. त्या पाकिटात घालून, वर मोठ्या अक्षरात 'प्रेस मॅटर' लिहून, चार वाजताच्या नागपूर गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायच्या. ड्रायव्हर पाकीट समोरच्या काचेपाशी, देवाच्या फोटोशेजारी ठेवायचे. नागपूरला कचेरीचा माणूस येऊन घेऊन जायचा. गाडी हुकली की बातमी शिळी. त्यामुळे चार वाजता गावात काय चाललंय यापेक्षा चारची गाडी कुठे आहे याची मला जास्त काळजी असे.

बातमीत काय असावं हे लोकच मला शिकवत. एका गृहस्थांना आपल्या शेतातल्या मुळ्याचा फोटो पेपरात हवा होता. फोटोची सोय नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "नुसतं लिव. पण वाचनाऱ्याले मुळा दिसला पाह्यजे." दुसरे एकजण अंत्ययात्रेच्या बातमीवरून भांडायला आले. "खांदा देल्ला मी," ते म्हणाले, "अन् नाव आलं त्या किसनाचं, जो पानठेल्यावर बसून होता." छापील नावाची किंमत मला त्या दिवशी कळली. माणूस मेल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरतं, यादीत नाव नसल्याचं ओसरत नाही.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. संपादकांचं म्हणणं असे की सणाची बातमी सणाच्या दुसऱ्या दिवशी छापून आली पाहिजे. आणि गावातले कार्यक्रम सुरू होत दिवेलागणीला. चारच्या गाडीने पाठवायची बातमी सहाच्या कार्यक्रमाची. मग करायचं काय? आम्ही सगळेच वार्ताहर बातमी आधी लिहून ठेवत असू. पाहुण्यांनी समयोचित भाषण केले, अध्यक्षांनी सत्कार केला, आभारप्रदर्शनाने सांगता झाली. यात कधी काही चुकत नसे, कारण गावातला कार्यक्रम मागच्या वर्षीसारखाच होतो. पाहुणे बदलतात, भाषण तेच असतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, ते गिरजाकाकूंनी बिघडवलं.

गिरजाकाकू आणि त्यांचे यजमान सूर्यभानजी स्टँडसमोर चहा-भज्यांचं हॉटेल चालवत. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी आणि वर पत्रे. पण ते हमरस्त्यावर होतं. रात्रंदिवस ट्रक थांबत. पंजाबचे ड्रायव्हर, बिहारचे क्लीनर, हैदराबादकडचे माल नेणारे. प्रत्येकजण चहा पिता पिता काहीतरी गुणगुणत असे आणि काकू भजी तळता तळता ते उचलत असत. गावच्या भजनात त्या लहानपणापासून खंजिरी वाजवत. त्या खंजिरीवर कव्वालीची टाळी चढली, मग पंजाबी टप्प्याची उडी आली, मधूनच दंडारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातल्या सोंगासारखं बाईचं चालणं, पुरुषाचं चालणं, आणि मग कीर्तनकारासारखं थांबून श्रोत्यांना प्रश्न विचारणं. एका भजनात एवढं सगळं. शिवाय वेष. नऊवारी लुगडं, त्यावर कोण्या ड्रायव्हरचा विसरून राहिलेला काळा कोट, आणि कमरेला ट्रकचा रबरी भोंपू. कडवं संपलं की टाळ नाही, झांज नाही, भोंपू.

सूर्यभानजी ढोलकीवर असत. फारसं बोलत नसत. मी एकदा त्यांना विचारलं, "काकूंचं पुढे काय येणार, हे तुम्हाला आधी कळतं का?"

"तिलेच कळत नाई," ते म्हणाले, "मले कसं कळन?"

गावाच्या भजन मंडळाचे अध्यक्ष नथ्थूजी. किराण्याचं मोठं दुकान, पांढरी टोपी, शिस्त. भजनाला बसताना मांडी कशी घालायची इथपासून त्यांचे नियम होते. भजनात भोंपू वाजला त्या गुरुवारी त्यांनी काकूंना मंडळातून काढलं. नंतर पोळ्याच्या कार्यक्रमाची कमिटी झाली, तिचेही अध्यक्ष तेच. काकू त्यांच्या दुकानात गेल्या. मी तेव्हा तिथेच साखर घेत होतो.

"नथ्थूजी, पोळ्याले मले टेज द्या," काकू म्हणाल्या.

"काऊन? हाटेल बंद पडलं काय?"

"पन्नाशी आली माही. भट्टीपुढं गाते तं लोक म्हनतात, बाई चांगली भजी करते. मले एकदा टेजवर पाह्यतील तं समजन तरी, गाते का तळते."

नथ्थूजींनी तराजू खाली ठेवला. "एकदा देतो," ते म्हणाले. "मागून मले कोनी म्हनू नये का नथ्थूनं संधी देल्ली नाई. पन तमाशा झाला, तं तो कोट अन् तो भोंपू माह्या दुकानात आनून ठेवजो. अन् गुरुवारी बायांच्या मागच्या रांगेत बसून नुसत्या झांजा वाजवायच्या. जन्मभर. कबूल?"

"कबूल," काकू म्हणाल्या, आणि जाताना भोंपू एकदा वाजवला.

पोळ्याच्या आधी दोन दिवस मी हॉटेलात बसून त्यांची तालीम पाहिली. आमच्या बी.ए.ला रसांचा पाठ नुकताच झाला होता. भक्तिरस, हास्यरस, वीररस असे वेगवेगळे कप्पे मी पाठ केले होते. आणि इथे ही बाई सगळ्या रसांची एकच भजी तळत होती. मला फार आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली, कारण परीक्षेत हे कुठे लिहायचं ते कळेना. शेवटाबद्दल विचारलं तर काकू म्हणाल्या, "पोळा हाय ना? बैल घेऊन येईन टेजवर. खराखुरा. माह्या दिराचा." भावजयीला नकार द्यायची दिराची हिंमत नव्हती.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मी बातमी लिहायला बसलो. नेहमीसारखं चार ओळींत संपवायचं होतं. पण हात थांबेना. मी चक्क समीक्षा लिहिली. आयुष्यातली पहिली. समीक्षा कशी असते ते मी क्रमिक पुस्तकातच पाहिलं होतं. खंजिरी आणि कव्वाली यांचा संगम लिहिला, भोंपू हा केवळ भोंपू नसून रसिकांना जागं करणारी ललकारी आहे, असं लिहिलं. समारोपाला गिरजाबाई साक्षात बैलासह मंचावर अवतरल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असंही लिहिलं. शेवटी सवयीने ठरलेली ओळ आली: कमिटीचे अध्यक्ष नथ्थूजी यांनी शाल-श्रीफळ देऊन गिरजाबाईंचा सत्कार केला व असे कलावंत हे गावाचे भूषण होय, असे उद्गार काढले.

पाकीट चारच्या गाडीने गेलं.

पाच वाजता तोरणाखाली बैल जमले, झडत्या झाल्या, म्हणजे बैलांपुढे म्हणायच्या चढाओढीच्या ओळी आणि मागून महादेवाचा गजर, मग तोरण तुटलं, बैल घरोघरी गेले. बाजाराच्या मैदानात मंच बांधून तयार होता. काकू कोट घालून मंचामागे उभ्या होत्या. आणि वारा सुटला. असा सुटला की मंचाची कनात बाजार ओलांडून शाळेच्या छपरावर जाऊन बसली. पाठोपाठ पाऊस, आणि गावभर अंधार. डीपी उडाली होती.

नथ्थूजी छत्री घेऊन मंचापाशी आले. त्यांचा आवाज दुःखी होता, पण फार नाही. "झालं," ते म्हणाले. "देवाच्याच मनात नव्हतं. गिरजे, संधी देल्ली होती मी. सारं गाव साक्षीले आहे. आता परत टेज मागू नको."

काकू ओल्या कोटाचं पाणी पिळत उभ्या राहिल्या. सूर्यभानजींनी ढोलकीवर स्वतःचं धोतर गुंडाळलं आणि बायकोच्या डोक्यावर पोतं धरलं.

मला मात्र त्या क्षणी पावसातही घाम फुटला. माझं पाकीट आठवलं. ते आता नागपुरात पोचलं असणार. उद्या सकाळी सगळ्या जिल्ह्यात छापून येणार की तळेगावात काल टाळ्यांचा कडकडाट झाला.

सकाळची गाडी पेपर घेऊन आली तेव्हा मी घराबाहेर पडलोच नाही. बाबांनी विचारलं, "आज कालेज नाई काय?" मी म्हटलं, पोट दुखतंय. पण गाव लहान. घटकाभरात बोलावणं आलं, हॉटेलात ये.

गेलो तर चारही बाकं भरलेली. पेपर सगळ्यांच्या हातांतून फिरत होता. मला पाहिल्यावर सगळे एकदम बोलू लागले.

"काय गा, कडकडाट कवा झाला? आमाले तं ढगाचाच आइकू आला."

"बैलासह अवतरल्या म्हंते. मी तं मैदानातच होतो. मले अंधारात दिसला नसन."

"अबे, नथ्थूजीनं उद्गार काढले म्हंते. कोनी ऐकले काय?"

काकू भट्टीपाशी बसून होत्या. "मले वाचून दाखव," त्या मला म्हणाल्या. मी मान खाली घालून सगळं वाचलं. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. "चांगली गायली म्हनायची मी," त्या म्हणाल्या, आणि कढईत घाणा सोडला.

तेवढ्यात नथ्थूजी आले. हातात त्यांचा स्वतःचा पेपर, घडी करून छातीशी धरलेला. बाकावरची माणसं उठली. मला वाटलं, आता माझं वार्ताहरपण संपलं. नथ्थूजींनी चष्मा लावला, पेपर उघडला, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे साऱ्या जिल्ह्यात गेलं असन?"

"हो," मी म्हणालो.

"वर्ध्याले?"

"हो."

"आर्वीले? कारंज्याले? माहा व्याही राह्यते कारंज्याले."

"तिथेही जातो पेपर."

नथ्थूजींचं नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ होती. इतकी वर्षं भजनं केली, कमिट्या चालवल्या, पण नाव कधी 'आदी मान्यवर' यांच्या पुढे गेलं नव्हतं. आणि आज आलं होतं ते उद्गारासकट.

"मंग असं हाय," ते शेवटी म्हणाले. "पेपरात आलं आहे, तं होयाच लागन. आज करू."

"लाईट नाई," कोणी तरी म्हणालं.

"उजेडात करू. आज तान्हा पोळा आहे, पोरं जमनारच हायेत मैदानात. अन् गिरजे, जसं लिवलं आहे तसंच झालं पाह्यजे. एक अक्षर कमी नाई. माहं नाव आहे त्याच्यात."

काकूंनी झारा खाली ठेवला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण हात कमरेकडे गेला आणि भोंपू वाजला.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडाचे, चाकं लावलेले बैल सजवून मैदानात आणतात, मोठ्यांसारखंच तोरण बांधतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागतात. तो दुपारनंतर. त्याआधी आमच्यापुढे खऱ्या बैलाचा प्रश्न होता. काकूंनी दिराचा बैल हॉटेलासमोर आणून तालीम घ्यायची ठरवली. बैल कालच्या झुलीसकट आला, शांत उभा राहिला. काकूंनी एक कडवं म्हटलं, बैलाने कान हलवले. सूर्यभानजींनी ढोलकी वाजवली, बैलाने शेपटी हलवली. मग काकूंनी भोंपू वाजवला.

त्याने पहिल्यांदा बाक पाडलं, मग दुधाचं पातेलं. मग झूल, बाशिंग आणि वेसण धरलेला दीर यांच्यासकट तो कारंज्याच्या दिशेने निघाला. दीर थोड्या अंतरावर सुटले. बैल नाही थांबला. नागपूरकडून आलेल्या एका ट्रकवाल्याने बातमी दिली की पुढे एक नवरदेव एकटाच पळत चाललाय.

"आता?" नथ्थूजींनी मला विचारलं, जणू काही पुढचं माझ्या पाकिटातच असणार होतं. "बैलासह लिवलं आहे तू. बैल नाई तं बातमी खोटी. बातमी खोटी तं माहे उद्गारबी खोटे."

काकूच म्हणाल्या, "पेपरात बैल म्हनलं हाय. जित्ता बैल कुठं म्हनलं?"

गावातला सगळ्यात मोठा लाकडी बैल नथ्थूजींच्या नातवाचा होता. सागवानी, वासराएवढा, पितळेची शिंगं, चार चाकं. नातू पाच वर्षांचा आणि त्याने दोरी कोणाच्याच हातात द्यायला साफ नकार दिला. काकूंनी मागितली, भजी दाखवली. नाही. सूर्यभानजींनी ढोलकी देऊ केली. नाही. शेवटी तो म्हणाला, "आबाले देतो. आबानंच ओढला पाह्यजे."

म्हणजे आता शिस्तीच्या भजन मंडळाचे अध्यक्ष, कोटवाल्या बाईच्या मागून, लाकडी बैल ओढत मंचावर येणार होते. नथ्थूजींनी पेपरची घडी उघडली, स्वतःचं नाव पुन्हा एकदा वाचलं, आणि दोरी हातात घेतली.

दुपारी मैदानात गावचं गाव लोटलं. काल पावसात पाठ फिरवून गेलेले परत आले होते, शेजारच्या गावांतले आले होते, आणि अनेकांच्या हातात पेपर होता. मी पुढे बसलो होतो आणि माझीच समीक्षा माझ्या मागे मोठमोठ्याने वाचली जात होती. एकजण ओळीवर बोट ठेवून बसला होता. काकूंनी खंजिरीवर कव्वालीची टाळी चढवली की तो ओरडून सांगे, "झालं, संगम झाला. पुढं चाला." भोंपू वाजला की सगळे म्हणत, "ललकारी." असा श्रोतृवृंद आणि असं ऐकणं मी नंतर कुठल्याच नाट्यगृहात पाहिलं नाही.

सुरुवातीला काकूंचा आवाज जपून जपून येत होता. मला कळलं, त्या माझ्या समीक्षेबरहुकूम गात होत्या, ओळीवर बोट ठेवणाऱ्याकडे बघत, परीक्षेला बसल्यासारख्या. हे असं चाललं तर शब्द सगळे खरे होतील, पण गाणं मरेल. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "गिरजे, पेपर कायले पाह्यतं? आमाले पाह्य."

काकू थांबल्या. पुढच्या माणसाच्या हातातला पेपर त्यांनी मागून घेतला, त्याची घडी केली, ती पदराने डोक्यावर बांधली टोपीसारखी, आणि तिथून पुढे जे सुरू झालं ते मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. गेल्या दहा वर्षांत त्या भट्टीसमोर जेवढे ट्रक थांबले ते सगळे त्यांच्या गळ्यातून गेले. पंजाबी ड्रायव्हर भजन म्हणत होता, कव्वाल पोळ्याची झडती म्हणत होता, आणि मधूनच नथ्थूजींच्या आवाजात मांडी घालायची शिस्त येत होती. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मग अचानक सगळं थांबवून, ढोलकीही थांबवून, काकूंनी लहानपणीचं साधं भजन एकटीने, बिनवाद्याचं म्हटलं. ज्या हसत होत्या त्याच बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी रसांची नावं आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मग बैल आला. नथ्थूजी मान ताठ ठेवून दोरी ओढत होते. मंचाच्या फळ्यांमध्ये एका ठिकाणी फट होती. बैलाचं चाक तिथे अडकलं. नथ्थूजींनी जोर लावला, बैल हलेना. काकू वळल्या, बैलाकडे पाहिलं, नथ्थूजींकडे पाहिलं, आणि झडती टाकली:

"लाकडाचा बैल, त्याले चार चाकं,
काल छापून आलं, आज करून दाखवा काका."

गावाने महादेवाचा असा गजर केला की नथ्थूजींच्या हातांत कुठून तरी बळ आलं, चाक निघालं, आणि ते बैलासकट थेट काकूंच्या पायाशी येऊन बसले. मांडी घालून नाही, जसे पडले तसे. आणि मग नथ्थूजी हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. बहुधा गावही.

"उद्गार," मागून कोणी तरी आठवण केली.

"उद्गार काढा, नथ्थूजी."

शाल नव्हती. त्यांनी उठून खांद्यावरचं स्वतःचं उपरणं काकूंच्या कोटावर घातलं. छापील उद्गार त्यांनी सकाळपासून घोकले होते, पण ऐनवेळी त्यातलं फक्त 'गावाचे' एवढंच आठवलं. मग ते म्हणाले, "गिरजे, तुले गाता येते." आणि बसले. काकूंनी त्यांच्याकडे पाहत कमरेचा भोंपू सोडला आणि त्यांच्यापुढे धरला, कबुलीप्रमाणे दुकानात ठेवायला. नथ्थूजींनी तो हातात घेतला, सगळं गाव पाहत असताना एकदा वाजवला, आणि परत दिला.

कचेरीतून निरोप आला तो ड्रायव्हरांच्या तोंडून: साहेबांना तुमचं लिखाण आवडलं, अजून पाठवा. पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला त्यांनी आपले नाट्यसमीक्षकच पाठवले. ते प्राध्यापक होते, सौम्य, पातळ आवाजाचे, जपून चालणारे. स्टँडवर उतरून चहा पिईपर्यंत गावाने त्यांना सगळी हकीकत अभिमानाने सांगून टाकली. "आमच्याइथं आधी पेपरात येते, मंग होते." मी मेल्याहून मेल्यासारखा उभा. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग यंदाचं काय लिहिलंत?" मी म्हटलं, यंदा काहीच लिहिलेलं नाही. ते म्हणाले, "अरेरे, मला तयारी करता आली असती."

त्यांनी रविवारी अर्धं पान लिहिलं. लाकडी बैल ओढणारा वृद्ध अध्यक्ष ही प्रतिमा त्यांना फार मोठी वाटली. परंपरेचा भार वाहणारी निर्जीव व्यवस्था, असं काहीसं होतं. नथ्थूजींनी ते दुकानात मोठ्याने वाचून घेतलं. "म्हंजे मी चांगलं केलं ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यानंतर ते दर वर्षी दोरी ओढू लागले, नातू मोठा होऊन बैलात रस उरला नाही तरीही. फळीतली फट कोणी बुजवू दिली नाही, ती आता कार्यक्रमाचा भाग झाली होती.

मग मासिकांत लेख आले. कोणी काकूंना विद्रोही म्हटलं, कोणी प्रयोगशील, कोणी लोकरंगभूमीचं नवं वळण. मी ते सगळे हॉटेलात वाचून दाखवायचो आणि काकू भजी तळता तळता ऐकायच्या. "हे मीच ना?" त्या मध्ये मध्ये विचारायच्या. कोटाचा अर्थ लावणारा एक लेख होता, त्यात कोट म्हणजे पुरुषी सत्ता असं लिहिलं होतं. सूर्यभानजी म्हणाले, "थंडी वाजते तिले." नागपूरच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला तेव्हा लाकडी बैल एस.टी.च्या टपावर बांधून नेला. नथ्थूजी खिडकीतून डोकं बाहेर काढून तो पडत तर नाही ना हे पाहत राहिले, वाटेतल्या प्रत्येक गावाने त्यांना हात केला.

त्या कार्यक्रमाची समीक्षा दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात पहिल्या पानावर आली. प्राध्यापकांचीच. मला वाटतं त्यांनी आयुष्यात तितकं मोकळं कधी लिहिलं नसेल. एक मोठा शब्द नाही, एक रस नाही. हसलो, रडलो, आणि घरी पायी गेलो, रिक्षा करायचं भानच राहिलं नाही, असं लिहिलं होतं. मी तोवर बी.ए. होऊन त्याच पेपरात नोकरीला लागलो होतो, पंख्याखाली. तो पेपर घेऊन मी पहिल्या गाडीने तळेगावला गेलो. काकू रात्रीच परत येऊन भट्टीपाशी बसल्या होत्या. मी सगळं वाचलं. यावेळी माझा आवाज बारीक झाला नाही.

काकूंनी नीट ऐकलं. मग विचारलं, "हे त्यायनं पाह्यल्यावर लिवलं?"

"हो काकू. पहिल्या रांगेत बसले होते. सगळं पाहून लिहिलंय."

त्यांनी घाणा उलटला, झाऱ्याने दोन भजी कागदावर काढून माझ्यापुढे सरकवली.

"पाहून तं कोनीबी लिवते," काकू म्हणाल्या. "तू न पाहता लिवलं होतं."